शेगडीतला वायू आणि ब्रुफेनची गोळी

बसा पोरांनो, कंदील जरा अलीकडं ओढा. बटाट्याची काढणी सुरू झाली की आपल्या कळंबात कुणाच्या ना कुणाच्या कमरेत उसण भरतेच, आणि मग दुकानातून आयबुप्रोफेनची गोळी येते, जिला आपण सगळे ब्रुफेनच म्हणतो. त्या गोळीच्या पोटात काय दडलंय, ते सांगतो.

खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपू नका, असं जुनी माणसं बजावतात ते उगीच नाही. तिच्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, ना रंग ना वास, आणि माणूस झोपेतच जातो. आता नवल ऐका! ब्रुफेनच्या एकेका रेणूत १३ कार्बन असतात, आणि नव्या रीतीनं केलेल्या गोळीत त्यातला एक ह्याच जीवघेण्या वायूतून आलेला असतो.

ही करणी पॅलेडियम नावाच्या, रुप्यासारख्या पांढऱ्या धातूची. त्याची जन्मकथाही न्यारी. लंडनच्या वोलॅस्टन ह्या रसायनज्ञाला तो कच्च्या प्लॅटिनममध्ये गवसला, तर त्या गड्यानं आपलं नाव लपवून १८०३ साली सोहोतल्या एका दुकानात तो चक्क विकायला ठेवला. शेनेविक्स नावाच्या रसायनज्ञाला वाटलं ही लबाडी, म्हणून त्यानं माल विकत घेऊन तपासला आणि हा तर प्लॅटिनम-पाऱ्याचा मिश्रधातू, असं जाहीर करून मोकळा झाला. खरा धनी पुढं आला तो १८०५ साली. असो, आता पॅलेडियमची करणी समजायला आपल्या नाणेघाटाकडं वळू.

जुन्नरहून कोकणात उतरायचं तर कड्यावरून कुणी उडी घेत नाही, नाणेघाटानं जातात; पॅलेडियम रेणूंना असाच घाट काढून देतो. नुसता धातू नव्हे हं, फॉस्फरसवाले रेणू त्याच्याभोवती बांधून केलेलं संयुग. मूळ पदार्थातला कार्बन आणि त्याला धरून बसलेला क्लोरीन, ह्यांच्यामध्ये पॅलेडियम शिरतो. मग तो शेगडीतला वायू येऊन धातूवर बसतो, तिथून सरकून कार्बनला जोडला जातो, पाणी येऊन गाठ सोडवतं, आयबुप्रोफेन बाजूला होतं आणि पॅलेडियम पुढच्या रेणूसाठी मोकळा. जुन्या ब्रिटिश रीतीत सहा पायऱ्या होत्या. टेक्सासमधल्या बिशप गावी १९९२ साली सुरू झालेल्या कारखान्यात तीनच, आणि शेवटची ही.

आणि हे सारं सातासमुद्रापारचंच आहे असं समजू नका. मंचर, खेड, चाकण मागं टाकून पुण्यात शिरलं की पाषाण रस्त्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, १९५० सालची. तिथं रघुनाथ चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी हीच पायरी खोलात जाऊन तपासली. कारण वायू मधल्या कार्बनवर बसला तर आयबुप्रोफेन, टोकाच्या कार्बनवर बसला तर तेच अणू, तेवढेच अणू, पण भलताच पदार्थ! मग क्लोराईड किती, आम्ल कोणतं, फॉस्फरस किती, हे पुन्हा पुन्हा पारखत बसायचं. एवढा खटाटोप कशापायी, तर वायूनं टोकाला न जाता मध्ये बसावं म्हणून.