शंका घ्यावी, पण पारखूनही पाहावी

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे, म्हणजे एच५एन१ विषाणूचे, निदान केले. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगली येथे, कोंबड्यांतही तो आढळला. मोहर्ली हे ताडोब्याचे दार. वाघ पाहायला येणाऱ्यांवर येथील कित्येकांची चूल पेटते. म्हणून आम्हांलाही प्रश्न पडतात : रोग खरा, की औषध कंपन्यांचा डाव? कोंबड्या उगाच मारतात काय?

शंका घेणे गैर नव्हे. २००९ च्या स्वाइन फ्लूत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या सल्लागार तज्ज्ञांची नावे २०१० पर्यंत गुप्त ठेवली. त्यावर टीका झाली, ती योग्यच. परंतु त्याच साथीत पुण्यात माणसे दगावली, हेही तितकेच खरे.

ऐकीव गोष्ट तपासून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. हा नियम सरकारी पत्रकाला लागू आहे, तसाच अफवेलाही. हा विषाणू आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून व स्रावातून पसरतो. बाधित पक्ष्याचे कच्चे मांस खाऊन वाघ-बिबट्यांनाही लागण होऊ शकते. म्हणून रोगाच्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतील कोंबड्या मारतात. नीट शिजलेल्या मांसात तो टिकत नाही.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो व विद्यार्थ्यांनो, कोंबड्या एकाएकी मरू लागल्यास लपवू नका, जंगलात फेकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवा. भरपाई मिळते ती शासनाने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. लवकर कळविण्यातच गावाचे व वनाचे हित आहे.