मोठी शर्यत कितवी?

गावच्या जत्रेतील कुस्त्यांचे मैदान आपण सर्वांनी पाहिलेले आहे. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या जोडी, आणि उन्हे कलल्यावर, हलगीचा ठेका अंगात भिनल्यावर, पहिल्या नंबरची कुस्ती. ती निकाली झाली की मैदान संपले. मोठी गोष्ट शेवटी, हा आपला रिवाज, आणि तो आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की त्याला दुसरा पर्याय असेल हे मनात येत नाही.

इंग्लंडात लिव्हरपूल शहराजवळ एन्ट्री नावाचे शर्यतीचे मैदान आहे. तेथे एप्रिल महिन्यात तीन दिवसांचा मेळा भरतो आणि शनिवारी ‘ग्रँड नॅशनल’ ही जगप्रसिद्ध शर्यत होते. 1839 पासून तिची गणना करतात. पण त्या शनिवारी ही शर्यत पहिलीही नसते आणि शेवटचीही नसते. तिच्या आधी शर्यती होतात, तिच्यानंतरही होतात. हे असे का, याचा शोध घेऊ लागले म्हणजे एका साध्या वेळापत्रकामागे किती जणांची ओढाताण चालते ते दिसू लागते.

प्रथम शर्यतीचे स्वरूप ध्यानात घ्यावे. आपल्या महालक्ष्मीला किंवा पुण्याला घोडे सपाट हिरवळीवर धावतात. वाटेत काही आडवे येत नाही. ग्रँड नॅशनलमध्ये सुमारे चार मैल अडीच फर्लांग धावायचे आणि वाटेत तीस उड्या घ्यायच्या. एकंदर कुंपणे सोळा. त्यांपैकी चौदांवरून दोनदा जावे लागते. ही कुंपणे स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांनी मढवलेली असतात. दहावीस घोडे एकामागून एक त्यांवरून गेले की फांद्या उडतात, जमीन उखडते, आणि सारे पुन्हा नीटनेटके करायला माणसे आणि वेळ लागतो. म्हणून तीन दिवसांत या मोठ्या कुंपणांवरून रोज एकच शर्यत ठेवलेली आहे: गुरुवारी हौशी स्वारांची ‘फॉक्सहंटर्स’, शुक्रवारी ‘टॉपहॅम’ आणि शनिवारी नॅशनल. बाकीच्या शर्यती दुसऱ्या मार्गांवर, लहान अडथळ्यांच्या. म्हणजे मेळ्याच्या क्रमाचा पहिला शिल्पकार कोणी माणूस नव्हे. ती जमीन आहे.

आता दिवसातला क्रम. एरवी दोन शर्यतींमध्ये अर्ध्या तासाहून थोडे अधिक अंतर असते. तेवढ्यात आधीचा निकाल जाहीर व्हायचा, पैजेचे पैसे वाटायचे, पुढचे घोडे रिंगणात फिरवायचे आणि लोकांनी ते पाहून पुन्हा पैज लावायची. नॅशनलपूर्वीची मोकळीक याहून मोठी असते, कारण घोडे अधिक, संचलन लांब, आणि एरवी वर्षभर पैज न लावणारी माणसेही त्या दिवशी खिशात हात घालतात. ती शेवटी न ठेवण्यातही व्यवहार आहे. हजारो माणसे एकाच क्षणी दरवाजाकडे धावू लागली तर रेल्वेचे आणि रस्त्याचे हाल होतात. मागे एकदोन शर्यती असल्या की गर्दी हळूहळू पांगते. हरलेला मनुष्य आणखी एकदा नशीब पाहण्यासाठी थांबतो आणि जिंकलेला जिंकला म्हणून थांबतो. पैजवाल्यांचा धंदा या दोघांवर चालतो.

येथवर सारे समजण्यासारखे आहे. पुढे मात्र एक दूर बसलेला प्रेक्षक येतो, तो दूरचित्रवाणीचा. 2015 पर्यंत ही शर्यत सव्वाचारला सुटत असे. 2016 मध्ये ती सव्वापाचला नेली. त्या वेळी घरोघरी अधिक लोक संचापुढे बसलेले असतात, हे त्यामागचे कारण. एका तासाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. पण एप्रिलच्या उन्हावाऱ्यात जमीन दुपारभर वाळत जाते. मैदान किंचित मऊ राहावे म्हणून व्यवस्थापक आधी पाणी देतात. ते पाणी घड्याळाच्या काट्याबरोबर उडून जाते. जमीन कठीण झाली की घोडा वेगाने धावतो आणि वेगात चुकलेली उडी अधिक महागात पडते. घरच्या प्रेक्षकाची सोय पाहिली ती घोड्याच्या पायांच्या खर्चाने, असे माझे मत आहे.

शिवाय प्रतीक्षा ही घोड्याला सोसत नाही. 1993 मध्ये आंदोलकांमुळे आधीच खोळंबा झाला होता; दोनदा सुरुवात चुकली, आणि दुसऱ्यांदा 39 पैकी 30 स्वार थांबवण्याची खूण न पाहता निघून गेले. सातांनी शर्यत पुरीही केली. एशा नेस पहिला आला आणि त्याला काहीच मिळाले नाही, कारण शर्यतच रद्द ठरली. 2023 मध्ये प्राणिहक्कवादी आंदोलक मैदानात शिरले आणि शर्यत सुमारे पाव तास उशिरा सुटली. पहिल्याच कुंपणावर हिल सिक्स्टीन हा घोडा पडून दगावला. या खोळंब्याने तो बिथरला होता, असे त्याच्या प्रशिक्षकाने सांगितले. आंदोलकांना अर्थातच ते मान्य नव्हते. त्यांच्या मते दोष शर्यतीचाच होता. हा वाद मिटलेला नाही, आणि दोन्ही पक्षांत प्रामाणिक माणसे आहेत.

2024 मध्ये व्यवस्थापकांनी एकदम अनेक बदल केले. शर्यत चार वाजता आणली, म्हणजे जमीन अधिक वाळण्यापूर्वी ती उरकावी. 1984 पासून चाळीस घोड्यांची मर्यादा होती, ती चौतिसावर आणली. (1929 मध्ये सहासष्ट घोडे सुटले होते, हे आज वाचताना छाती दडपते.) पहिले कुंपण सुरुवातीच्या जागेपासून साठ यार्ड जवळ घेतले, म्हणजे तेथे पोचेपर्यंत घोडे फार वेग धरणार नाहीत. संचलनातही मोतद्दाराने लगाम धरून घोड्याला नेण्याची पद्धत सोडून दिली. त्या वर्षी बत्तीस घोडे धावले. आय ॲम मॅक्सिमस जिंकला, आणि एकही घोडा कुंपणावर कोसळला नाही.

एका वर्षावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. 2025 मध्येही शर्यत चारलाच सुटली आणि घोडे चौतीसच होते. निक रॉकेट जिंकला. परंतु सेलेब्र द'आलेन हा तेरा वर्षांचा घोडा शेवटचे कुंपण ओलांडल्यावर थकून कोसळला आणि काही दिवसांनी दगावला. घोडा दमलेला असताना त्याला पुढे नेले, म्हणून त्याच्या स्वाराला दहा दिवस शर्यतींतून बाहेर ठेवण्यात आले.