'उद्योग' म्हणजे काय? एका शब्दाची कहाणी

शब्दकोशात शब्दाचा अर्थ एका ओळीत मावतो. व्यवहारात तो इतक्या स्वस्तात मिळत नाही. एकच वाक्य दोन शहाण्या माणसांनी प्रामाणिकपणे वाचावे आणि दोन निराळे अर्थ काढावेत, हे आपण नित्य पाहतो. असे का होते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे आज एका शब्दावरून पाहू. तो शब्द म्हणजे 'उद्योग'.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात या शब्दाची व्याख्या होती. तिचे भाग दोन. पहिल्यात मालकाचा धंदा, व्यापार, उपक्रम. दुसऱ्यात कामगाराची सेवा, नोकरी, हस्तव्यवसाय. कामाची जागा 'उद्योग' ठरली, तर कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. ती 'उद्योग' ठरली नाही, तर या कायद्याचे दार त्याला बंद.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयसमूहातील वॉर्डच्या दोन सेवकांना अशी भरपाई न देता कमी करण्यात आले. रुग्णालय हा उद्योगच नव्हे, असे सरकारचे म्हणणे. येथे वाचनाच्या दोन रीती समोरासमोर आल्या. एक रीत म्हणते, शब्दाचा अर्थ त्याच्या संगतीवरून ठरवावा. 'धंदा, व्यापार' यांच्या पंगतीला बसलेला 'उपक्रम' हाही व्यापारीच असला पाहिजे. दुसरी म्हणते, कायदा कशासाठी केला ते आधी पाहावे. विधिमंडळाने व्यापक शब्द मुद्दाम वापरला असेल, तर तो आखूड करू नये. मूळचे साताऱ्याचे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी १९६० साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात दुसरी रीत स्वीकारली. रुग्णालय उद्योग ठरले.

पण गंमत पुढेच आहे. १९६३ साली दिल्ली विद्यापीठाच्या बसचालकांचा दावा आला. निकालपत्र पुन्हा गजेंद्रगडकरांचेच. विद्यापीठाचे मुख्य कार्य शिक्षण, चालकाचे काम दुय्यम. म्हणून विद्यापीठ उद्योग नव्हे, असा निर्णय झाला. पुढे १९७० साली सफदरजंग रुग्णालयाच्या खटल्यात १९६० चा निर्णयच चुकीचा ठरवण्यात आला. कायद्यातील व्याख्या तीच राहिली. वाचणाऱ्याची उभे राहण्याची जागा तेवढी बदलली. संस्थेच्या हेतूकडून पाहिले तर रुग्णसेवा आणि विद्यादान दिसते. झाडू मारणाऱ्याच्या किंवा बस चालवणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर काम, पगार आणि हुकूम दिसतो.

पहिल्या बाजूला कामगारद्वेष्टी म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. संपाच्या झळा रोग्याला लागतील, ही चिंता खरी आहे. पण त्या चिंतेवर उपाय संपाच्या नियमांत शोधावा. भरपाईचा हक्क काढून तिचे निरसन होत नाही.

२१ फेब्रुवारी १९७८ रोजी बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींनी पाच विरुद्ध दोन अशा मतांनी निर्णय दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी कसोट्या सांगितल्या: काम पद्धतशीर हवे, मालक व कामगार यांच्या सहकार्याने चालणारे हवे, आणि लोकांच्या गरजेच्या वस्तू किंवा सेवा पुरवणारे हवे. नफा गौण ठरला. १९८२ साली संसदेने दुरुस्ती करून रुग्णालये व शिक्षणसंस्था वगळल्या. पण नव्या व्याख्येचा तो भाग कधी अमलातच आला नाही.

२०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नफ्याचा हेतू नसला तरी उद्योग असू शकतो, हे तिने मान्य केले. मात्र पूर्णतः किंवा बऱ्याच अंशी धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था वगळल्या. आता 'बऱ्याच अंशी' म्हणजे किती अंशी? वाद एका शब्दावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसला आहे. म्हणून श्रोत्यांना विनंती एवढीच: कोणी नियमाचा अर्थ सांगू लागला, की तो कोणत्या रीतीने वाचतो आहे आणि त्या अर्थाने कोणाच्या पदरात काय पडते, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.