हाय डेफिनिशन दूरचित्रवाणी संचाची निवड आणि कुटुंबाची बैठक : उमरखेड शहराच्या संदर्भात

प्रस्तावना

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या वर्षी देशात रंगीत प्रक्षेपण आले. त्यानंतरची सुमारे पंचवीस वर्षे दूरचित्रवाणी संचाची निवड हा फारसा विचार करण्याचा विषय नव्हता. चौदा इंची की एकवीस इंची, कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या दुकानातून, एवढेच प्रश्न असत. याचे कारण असे की प्रत्येक घरात येणारा संकेत ६२५ रेषांचाच होता व प्रत्येक संच त्याच संकेतासाठी बनविलेला होता. हाय डेफिनिशन तंत्राने ही समानता मोडली. आज संचही वेगवेगळ्या क्षमतेचे आहेत आणि घरात येणारे संकेतही. दोघांचा मेळ बसला नाही तर खर्च केलेली रक्कम पडद्यावर दिसत नाही.

उमरखेड हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण विदर्भ व मराठवाडा यांच्या सीमेवर, पैनगंगेच्या खोऱ्यात वसले आहे. येथील शेतकरी कुटुंबात मोठी खरेदी सोयाबीन घरात आल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास होते. नोकरदार कुटुंबात ती बहुधा हप्त्यांवर होते. एकदा घेतलेला संच सात-आठ वर्षे तरी बदलला जात नाही. अशा कुटुंबाने दुकानात जाण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासाव्यात, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

स्पष्टता डोळ्याला दिसते किती?

दूरचित्रवाणीचे चित्र आडव्या रेषांचे बनलेले असते. जुन्या पद्धतीच्या ६२५ रेषांपैकी ५७६ रेषांत प्रत्यक्ष चित्र असे. आजची साधी, म्हणजे एसडी वाहिनी याच ५७६ रेषांची असते. हाय डेफिनिशनमध्ये ७२० किंवा १०८० रेषा असतात व फोर-के नावाने विकल्या जाणाऱ्या पडद्यात २१६०. ‘एचडी रेडी’ असे लिहिलेल्या बत्तीस इंची संचात बहुधा ७६८ रेषांचा पडदा असतो, तर ‘फुल एचडी’ म्हणजे १०८०.

आकडा जितका मोठा तितके चित्र चांगले, असा विक्रेत्याचा युक्तिवाद असतो. तो अपुरा आहे. निकोप मानवी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे ओळखू शकतो. त्याहून बारीक तपशील एकमेकांत मिसळून जातो. यावरून साधे गणित निघते. पडद्याच्या उंचीच्या सहा पटींपेक्षा दूर बसल्यास ५७६ रेषांहून अधिक काही दिसत नाही. ७२० रेषांसाठी हे अंतर उंचीच्या ४.८ पट, १०८० साठी ३.२ पट आणि २१६० साठी अवघे १.६ पट आहे.

हे गणित प्रत्यक्ष खोलीला लावून पाहणे उद्बोधक ठरते. दहा बाय बारा फुटांची समोरची खोली, एका लांब भिंतीवर संच आणि समोरच्या भिंतीला टेकून दिवाण, अशी मांडणी गृहीत धरू. बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून पडदा सुमारे आठ फूट, म्हणजे २४४ सेंटिमीटर अंतरावर येतो. बत्तीस इंची पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर असते. आठ फूट हे तिच्या सहा पटींहून किंचित अधिक झाले. म्हणजे या दिवाणावर बसलेल्या व्यक्तीला बत्तीस इंची पडद्यावर एसडी आणि एचडी यांतील रेषांचा फरक जवळजवळ कळणारच नाही. ‘एचडी रेडी’ आणि ‘फुल एचडी’ यांतील फरक तर मुळीच नाही. त्रेचाळीस इंची पडद्याची उंची सुमारे ५३.५ सेंटिमीटर, येथे आठ फूट म्हणजे उंचीच्या साडेचार पटींहून थोडे अधिक. या आकारावर एचडी संकेत एसडीपेक्षा निश्चितच सरस दिसतो. पंचावन्न इंची पडद्यावर (उंची सुमारे ६८.५ सेंटिमीटर) १०८० रेषांचा बहुतेक उपयोग होतो, पण फोर-केचा पूर्ण तपशील पाहायचा तर पडद्यापासून साडेतीन-चार फुटांवर बसावे लागेल. तेथे चटईवर बसलेली लहान मुले कदाचित असतील, आजोबा नसतील.

याचा अर्थ फोर-के संच घेऊच नये असा नाही. त्रेचाळीस इंचांच्या वर दुकानांत आता बहुधा तेच संच आढळतात. मात्र केवळ त्या शब्दासाठी अधिक पैसे मोजणे किंवा हप्ता वाढवून घेणे यास खोलीचे माप आधार देत नाही.

घरात येणारा संकेत

पडदा कितीही उत्तम असला तरी त्याला मिळालेल्या चित्राहून अधिक तपशील तो निर्माण करू शकत नाही. ५७६ रेषांचे चित्र २१६० रेषांच्या पडद्यावर भरताना मधल्या रेषा संचातील यंत्रणा अंदाजाने भरते. स्वस्त मोठ्या संचात हा अंदाज कच्चा असतो. चेहऱ्यांच्या कडा मेणासारख्या दिसतात आणि बातम्यांची खालची पट्टी थरथरते. ‘जुना डबा टीव्ही बरा होता’ हा घरातील ज्येष्ठांचा शेरा पुष्कळदा येथूनच येतो, आणि तो निराधार नसतो. जुना एकवीस इंची संच त्याच ५७६ रेषा लहान पडद्यावर दाखवीत असल्याने त्या दाट दिसत.

दूरदर्शनची एचडी वाहिनी ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी सुरू झाली. मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या त्यानंतर बऱ्याच उशिरा आल्या. स्टार प्रवाह आणि झी मराठी यांच्या २०१६ मध्ये. केबल जाळ्याच्या सक्तीच्या डिजिटलीकरणात नगरपरिषदांची शहरे तिसऱ्या टप्प्यात होती. त्याची मूळ मुदत ३० सप्टेंबर २०१४ होती, पुढे ती लांबली. डिजिटलीकरण झाले म्हणजे एचडी आले, असा समज त्या काळात पसरला. तो चुकीचा होता. सेट-टॉप बॉक्स डिजिटल असला तरी तो एसडी असू शकतो, आणि बॉक्स एचडी असला तरी घेतलेली वाहिनी एसडी असू शकते. २०१९ पासून लागू झालेल्या दरव्यवस्थेत एसडी व एचडी वाहिन्या स्वतंत्रपणे निवडाव्या लागतात. जोडणी-शुल्काच्या हिशेबात एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांइतकी धरली गेली. त्यामुळे अनेक कुटुंबे संच एचडी घेतात आणि मासिक खर्च वाचविण्यासाठी वाहिन्या एसडीच ठेवतात. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली व आता डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाणारी दूरदर्शनची विनाशुल्क सेवा तर मुख्यतः एसडी वाहिन्यांचीच आहे. ज्या घरात तीच राहणार आहे, तेथे बत्तीस इंची संच हा गरिबीचा नव्हे, तर शहाणपणाचा पर्याय होय.

इंटरनेटवरून पाहणाऱ्यांचे गणित निराळे आहे. पूर्ण एचडी चित्रासाठी सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट आणि फोर-केसाठी १५ मेगाबिट वा अधिक वेग लागतो. या वेगाने तासाभरात अनुक्रमे सव्वादोन व पावणेसात गिगाबाइट डेटा खर्च होतो. रोज दीड-दोन गिगाबाइट देणाऱ्या मोबाइल योजनेच्या हॉटस्पॉटवर एक चित्रपटही एचडीत पुरा होणार नाही. घरात तारेने येणारे ब्रॉडबँड नसेल तर स्मार्ट संचातील ‘फोर-के’ हा शब्द खोक्यावरच राहतो.

बैठकीची रचना

पाश्चात्त्य देशांतील मार्गदर्शक पुस्तिका दोन-तीन माणसे सोफ्यावर समोरासमोर बसतील असे धरून चालतात. येथील बैठकीत कोणी दिवाणावर, कोणी खुर्चीवर, कोणी सतरंजीवर, तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून एखादी गृहिणी मालिका पाहत असते. म्हणून तिरकस कोनातून चित्र कसे दिसते, ही कसोटी येथे रेषांच्या संख्येहून महत्त्वाची आहे. ‘एलईडी’ संच म्हणून जे विकले जातात ते एलसीडी पडदेच असतात. एलईडी फक्त त्यांच्या मागील प्रकाशासाठी असतात. या पडद्यांत आयपीएस व व्हीए असे दोन मुख्य प्रकार आढळतात. आयपीएस पडद्यावर बाजूने पाहतानाही रंग बरेचसे टिकतात. व्हीए पडद्यावर काळा रंग अधिक गडद दिसतो, पण बाजूने पाहता चित्र फिकट पडते. पसरून बसणाऱ्या कुटुंबास पहिला, आणि दोघेच रात्री दिवा मालवून पाहणार असतील तर दुसरा योग्य.

संच भिंतीवर छताजवळ टांगण्याची पद्धत मात्र कोणत्याही पडद्यावर अन्याय करते. जमिनीवर बसलेल्याचे डोळे सुमारे अडीच फूट उंचीवर असतात. पडदा साडेपाच फुटांवर लावला तर मान वर करून पाहावे लागते आणि खालून पाहताना रंगही बदलतात. पडद्याचा मध्य साडेतीन फुटांच्या आसपास असावा. लहान मुलांचा हात पोहोचेल ही भीती असल्यास संच भिंतीला घट्ट बसविणे हा उपाय आहे. विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी खिडक्या बंदच असतात, परंतु हिवाळ्यात व सकाळी उघड्या दाराचा उजेड पडद्यावर पडतो. दारासमोरची भिंत म्हणूनच टाळावी.

दुकानातील पाहणीतही सावधगिरी हवी. तेथे संच अतितेजस्वी ‘शोरूम’ अवस्थेत ठेवलेला असतो आणि त्यावर खास तयार केलेली फुलांची, माशांची फोर-के चित्रफीत चालू असते. ग्राहकाने ती बंद करण्यास सांगून साधी एसडी बातमी-वाहिनी लावून घ्यावी व आपल्या दिवाणाइतक्या अंतरावर, थोडे बाजूला उभे राहून पाहावे.

वीज आणि दुरुस्ती

आजचे बहुतेक संच १०० ते २४० व्होल्ट दाबावर चालतात. त्यामुळे कमी दाबासाठी वेगळ्या स्टॅबिलायझरची सहसा गरज नसते; मागील पट्टीवर हा आकडा पाहून घ्यावा. खरा धोका मृगाच्या आधीच्या वादळी पावसात पडणाऱ्या विजेचा. तो केवळ विजेच्या तारेने नव्हे, तर गच्चीवरील डिशच्या केबलनेही आत येतो. प्लग काढला पण केबल तशीच ठेवली, तर संरक्षण अर्धेच होते. घराचे अर्थिंग नीट असणे हे कोणत्याही महाग उपकरणाहून मोलाचे.

बत्तीस इंच व त्याहून मोठ्या संचांना २०१२ च्या आदेशानुसार भारतीय मानक ब्यूरोची सुरक्षा-नोंदणी सक्तीची झाली. त्याचा क्रमांक संचावर असतो. दुरुस्तीसाठी कंपनीचा तंत्रज्ञ उमरखेडला येतो की संच पुसद किंवा नांदेडला न्यावा लागतो, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे. फुटलेला पडदा बदलण्याचा खर्च पुष्कळदा नव्या संचाच्या किमतीजवळ जातो आणि तो हमीत बसत नाही. संच दूरच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागविला असेल आणि वाद उद्भवला, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्यातील, म्हणजे यवतमाळच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी पक्के बिल आणि संच उघडतानाचे चित्रण जपून ठेवावे.