शेवटचे शंभर फूट

चांदूर बाजारच्या माणसाला मुंबईच्या विमानासाठी आता नागपूर गाठायची गरज नाही. १६ एप्रिल २०२५ला बेलोरा विमानतळावरून अलायन्स एअरची सेवा सुरू झाली. (हे बेलोरा बडनेऱ्याजवळचं, आपल्या तालुक्यातलं नव्हे.) विमान एटीआर-७२, दोन पंख्यांचं. ते धावपट्टीवर टेकवतो तो वैमानिकच, स्वतःच्या हातानं. खरं तर विमान आपोआप उतरवण्याचे पहिले प्रयोग झाले ते पंख्यांच्याच विमानांवर.

२३ ऑगस्ट १९३७ला अमेरिकेत, ओहायोतल्या राइट फील्डवर, कॅप्टन कार्ल क्रेन, कॅप्टन जॉर्ज होलोमन आणि रेमंड स्टाउट यांचं फोकर विमान कुणीही दांड्याला हात न लावता उतरलं. जमिनीवरची रेडिओ केंद्रं वाट दाखवत होती, विमानातला ऑटोपायलट ती धरून चालत होता. या कामगिरीला मॅके ट्रॉफी मिळाली. पण रोजच्या प्रवासी वाहतुकीत ही युक्ती यायला बरीच वर्षं जायची होती.

अडचण शेवटच्या शंभरेक फुटांत होती. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक थोडासा चुकतोच. दहा हजार फुटांवर ती चूक कुणाच्या खिजगणतीत नसते, जमिनीपाशी मात्र तीच जीव घेते. १९४५मध्ये ब्रिटनने केवळ याच प्रश्नासाठी खास पथक स्थापलं. त्यांनी रेडिओ उंचीमापक घेतला. तो खाली लहरी सोडतो आणि परतलेल्या लहरींवरून उंची काढतो. उंची जसजशी कमी होईल, त्याच प्रमाणात उतरण्याचा वेगही कमी करायचा, म्हणजे चाकं अलगद टेकतात. मला या सगळ्या कामात हीच कल्पना सर्वांत देखणी वाटते.

डावं-उजवं सांभाळायला रेडिओचा झोत होता, पण तो जमिनीजवळ डळमळायचा. म्हणून त्यांनी धावपट्टीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना वीजवाहक तारा टाकल्या. दोन्हीकडचा जोर सारखा, म्हणजे विमान मधोमध. उपाय नामी, पण धावपट्टीबाहेर मैलभर तारा टाकायला जागा कोण देणार? झोत सुधारला तशा तारा गेल्या.

१० जून १९६५ला प्रवासी घेऊन आलेल्या विमानाची चाकं हीथ्रोवर यंत्रानं टेकवली. ते होतं ट्रायडंट, जेट. पुढे ही सोय मोठ्या जेट विमानांत रुळली. लहान पंखेवाल्या विमानांना तिचा खर्च सहसा परवडत नाही आणि एटीआर-७२मध्ये ती नाही. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं दाटून वैमानिकाला धावपट्टीच दिसणार नाही असं असेल, तर घरून निघण्याआधी विमान वेळेवर आहे का, एवढं विचारून घ्या.