सगळ्यांचा पगार एकच

‘सुमा’ म्हटलं की आपल्याला एखादी मावशी आठवते. यॉर्कशायरमध्ये सुमा म्हणजे डाळी-कडधान्यं, ओट्स आणि सुक्या मेव्याचा घाऊक व्यापार. माल सगळा शाकाहारी, आणि धंद्याला कित्येक वर्षं शेठ नव्हता.

लीड्सला शिकत होतो तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून मसुराची डाळ आणायचो. पिंपातली डाळ डावाने कागदी पिशवीत भरायची, वजनही आपणच करायचं. दुकानातल्या बाई मला डाळीतल्या प्रथिनांचं महत्त्व पटवून द्यायच्या. आमटीवर पोसलेला माणूस हे प्रवचन निमूट ऐकून घ्यायचा. पण त्यांच्या उत्साहामागे कारण होतं. 1961 मध्ये पाव झटपट करण्याची चोर्लीवूड पद्धत आल्यावर इंग्लंडातला पाव फुगवलेला, पांढराशुभ्र आणि कापसासारखा झाला होता. कोंडा न काढलेलं पीठ आणि पॉलिश न केलेला तांदूळ शोधत फिरणाऱ्या तरुणांनी सत्तरीत गावोगाव छोटी दुकानं काढली, ती या पावाला कंटाळून.

दुकानं निघाली, पण माल कुठून आणायचा? 1975 मध्ये उत्तर इंग्लंडातल्या अशा दुकानांची बैठक झाली आणि एकमेकांना माल पुरवायला आपलीच घाऊक व्यवस्था उभारायचं ठरलं. रेज टेलर यांनी ते काम अंगावर घेतलं. लीड्समधल्या व्हिक्टोरिया रोडवरच्या एका घराचं मागचं स्वयंपाकघर हे पहिलं गोदाम. तिथून धान्याचे पोहे, सुकी फळं आणि ब्राऊन राईस विकला जाई. मग शेजारी एक गॅरेज भाड्याने घेतलं आणि रिलायंट कंपनीची तीनचाकी व्हॅन आली. ही गाडी मोटारसायकलच्या लायसन्सवर चालवता येई, हा तिचा मोठाच गुण! टेलर तेव्हा पोटासाठी जोनाथन सिल्व्हर यांच्या कपड्यांच्या दुकानांची डिलिव्हरी करत. शेठच्या गाडीतून सुटांबरोबर सुमाची पोतीही फिरत. (हेच सिल्व्हर पुढे सॉल्टेअरची जुनी गिरणी विकत घेऊन तिचं कलादालन करणारे.)

1976 मध्ये व्हार्फ स्ट्रीटवर दुमजली गोदाम घेतलं आणि पुढच्याच वर्षी खरी कलाटणी मिळाली. टेलर यांनी धंदा विकला, तो तिथे काम करणाऱ्या सात जणांना. त्यांनी ‘ट्रँगल होलफूड्स कलेक्टिव्ह’ नावाची सहकारी संस्था केली आणि व्यापार सुमा याच नावाने चालू ठेवला.

सहकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साखर कारखाना येतो. तिथे सभासद कोण, तर ऊस घालणारा शेतकरी. गव्हाणीवरचा कामगार पगारी नोकरच. इंग्लंडातही 1844 मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी टोड लेनवर जे दुकान काढलं, तिथे मालकी गिऱ्हाइकांची. सुमात मालकी पोती उचलणाऱ्यांची. ब्रिटिश संसदेने 1976 मध्ये अशा सामायिक मालकीच्या उद्योगांसाठी कायदा केला होता, तेव्हा वाराही अनुकूल होता. ग्लासगोची ‘ग्रीन सिटी’ ही अशीच घाऊक संस्थाही त्याच लाटेतली, 1978 ची.

सुमाने दोन नियम केले: पगार सगळ्यांना सारखा, आणि कामं आलटून पालटून. हिशेब लिहिणारा, ट्रक चालवणारी, खरेदीचे सौदे करणारा, सगळ्यांचा दर एक. सात जण एका टेबलाभोवती बसतात तेव्हा यात विशेष काही नाही. एकत्र कुटुंबात असंच चालतं. पण धंदा वाढला. 1978 मध्ये लीड्समधल्याच ‘द कॉल्स’ या रस्त्यावरच्या तीन मजली गोदामात बिऱ्हाड गेलं, तेही भरलं. 1986 मध्ये हॅलिफॅक्सला डीन क्लफमध्ये सत्तर हजार चौरस फुटांची शेड घेतली. हे क्रॉसली घराण्याच्या गालिच्याच्या कारखान्याचं आवार. गिरणी बंद पडून थोडीच वर्षं झाली होती. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला ते चित्र वेगळं सांगायला नको.

आता प्रश्न आला माणसांचा. सगळ्यांनी बसून सगळं ठरवायचं, तर चहा थंड होतो आणि ट्रक दारातच उभा राहतो. रचना बऱ्याचदा मोडली, पुन्हा बांधली. शेवटी सभासदांनी निवडलेली व्यवस्थापन समिती आली. पण मोठे निर्णय सर्वसाधारण सभेचेच, आणि मॅनेजिंग डायरेक्टरची खुर्ची नव्हतीच. नव्या माणसाने आधी काही महिने उमेदवारी करायची, मग सभासदांनी मत द्यायचं, अशी रीत होती. माझ्या मते ही सगळ्यात अवघड परीक्षा. साहेबाला खूश ठेवणं त्यापेक्षा सोपं.

सारख्या पगाराची किंमतही होती. पोती उचलणाऱ्याला बाजारापेक्षा जास्त मिळायचं, तर कॉम्प्युटरवाल्याला बाहेर कमी काम करून अधिक मिळू शकलं असतं. एकच काम वर्षानुवर्षं करून येणारा हातखंडा फिरत्या कामांत मुरत नाही, हा आक्षेपही खोटा नाही. तरी पोत्याने पाठ धरली की चार दिवस टेबलावर बसता येई, याचं मोल पगाराच्या चिठ्ठीत दिसत नसे. पुढे सुपरमार्केटांनी याच मालाची कपाटं लावली आणि सत्तरीतल्या छोट्या दुकानांपैकी अनेकांना कुलपं लागली. सुमा मात्र 2001 मध्ये हॅलिफॅक्सजवळ एलंडला स्वतःसाठी बांधलेल्या गोदामात गेली. मालाची यादी हजारोंनी वाढली. तिच्यात मांस-मासळी कधी आली नाही.

फिरत्या कामांची एक गंमत सांगतो. फाटलेल्या पोत्याची तक्रार करायला दुकानदार फोन करायचा. पलीकडून बोलणारा माणूस कदाचित दोन दिवसांपूर्वी स्वतःच ट्रकवर असायचा. “ड्रायव्हरला विचारून कळवतो” हे उत्तर द्यायची मग सोयच उरत नसे.