हॉलमध्ये केळीची बाग!
जळगावातल्या माझ्या वन बीएचकेच्या हॉलला बॉटल ग्रीन देणार म्हटल्यावर धुळ्याहून आईचा फोन. "अंधारकोठडी करतेस का?" मुद्दा बरोबर. गडद रंग उजेड गिळतो. म्हणून एकच भिंत रंगवली, खिडकीसमोरची. बाकी तीन ऑफ-व्हाइट. फिनिश मॅटच घ्या, ग्लॉसमध्ये प्लास्टरचा प्रत्येक फुगवटा दिसतो. आधी हातभर पट्टा मारून रात्री ट्यूबलाइटमध्येही बघा. आणि ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त. गडद भिंतीवर क्षाराचे पांढरे डाग लपत नाहीत. (मी ती भिंत दोनदा रंगवलीये!) मे महिन्यात इथे पारा 45 अंशांच्या घरात, बाहेर केळीच्या बागा सोडल्या तर सगळं करपलेलं. रंगाने खोली गार होत नाही, कूलर लागतोच. पण ऑफिसातून आल्यावर डोळे निवतात. आईने आल्यावर भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "शेडचा नंबर लिहून दे."